चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाला पॉपचा म्युझिक प्रोड्यूसर व्हायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा सतरा वर्षांचा, चर्चच्या क्वायरला कीबोर्डची साथ करतो. अमेरिकी प्रोड्यूसर रॉडनी जर्किन्सची गाणी ऐकून त्याला प्रोड्यूसर आणि गाणी लिहिणारा व्हायचंय. चर्चमधल्या वाजवण्याचा तिथे खरंच उपयोग होतो का, आणि त्यावर पोट भरतं का?

उपयोग होतो, आणि भरपूर होतो. पण चर्च अर्धंच शिकवतं. काय वाजवायचं नाही आणि कागदावर काय लिहून घ्यायचं, हे उरलेलं अर्धं बाहेर शिकावं लागतं. जर्किन्सचं काम नीट पाहिलं तर दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात, म्हणून त्याच्याच उदाहरणावरून सांगतो.

जर्किन्सचा जन्म १९७७चा, न्यू जर्सीतल्या प्लेझंटव्हिलचा. हे गाव अटलांटिक सिटीला लागून आहे. वडील पाळक, घरात गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधलं भक्तिसंगीत. मोठा भाऊ फ्रेड पुढे त्याचा सहलेखक झाला. किशोरवयातच तो टेडी रायलीच्या नजरेत आला. रायली म्हणजे न्यू जॅक स्विंग (आर अँड बी आणि हिप-हॉपचा मिलाफ) रुजवणारा माणूस, त्याचीही सुरुवात चर्चमधलीच. १९९८च्या जूनमध्ये ब्रँडी आणि मोनिकाचं ‘द बॉय इज माइन’ बिलबोर्ड हॉट १००वर पहिल्या क्रमांकावर गेलं आणि १३ आठवडे तिथेच राहिलं. तेव्हा जर्किन्सला एकविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. १९९९मध्ये व्हिटनी ह्यूस्टनचं ‘इट्स नॉट राइट बट इट्स ओके’ आणि जेनिफर लोपेझचं ‘इफ यू हॅड माय लव्ह’, मग डेस्टिनीज चाइल्डचं ‘से माय नेम’, २०००मध्ये टोनी ब्रॅक्स्टन, २००१मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘इन्व्हिन्सिबल’मधली कित्येक गाणी. पुढे २००९-१०मध्ये लेडी गागाचं ‘टेलिफोन’, २०१२मध्ये जस्टिन बीबर. सॅम स्मिथच्या ‘स्टे विथ मी’ला २०१५मध्ये रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं, त्यातल्या तीन निर्मात्यांत जर्किन्स आहे. पंधरा वर्षांहून अधिक काळ फॅशन बदलत गेली तरी हा माणूस टिकला, आणि मला त्याच्या हिट्सपेक्षा हे टिकणं जास्त मोलाचं वाटतं.

आता चर्च नेमकं काय देतं ते बघू.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये हॅमंड ऑर्गन वाजवणारा मुलगा लिहिलेलं वाजवत नाही. पाळकाचा आवाज चढला की मागून भरायचं, तो थांबला की दोन ठोके उत्तर द्यायचं, गाणारी बाई ठरलेल्या सुरात न गाता भलत्याच सुरात सुरू झाली तर पहिल्या ओळीतच तिला गाठायचं. बाराही सुरांतून सारख्या सहजतेने वाजवता येणं हे तिथे कौतुकाचं नाही, रोजची गरज आहे. स्टुडिओत हाच गुण सर्वांत आधी कामी येतो. गायिका म्हणते, अर्धा सूर खाली घ्या. ट्रान्सपोजचं बटण दाबून ते भागत नाही, कारण सूर बदलला की कॉर्डची मांडणी, बेसची पट्टी, सगळंच बदलायला हवं असतं. जो हाताने बदलू शकतो त्याच्या खोलीत गायिकेचा मूड जात नाही.

दुसरं म्हणजे कॉर्डमधला प्रवास. साधं गाणं सीवरून ए मायनरला थेट जातं. गॉस्पेलवाला सी, मग बी हाफ डिमिनिश्ड, मग ई सेव्हन (त्यात पाचवा चढा), मग ए मायनर सेव्हन असा जातो. एफवरून सीवर परतायचं तर एफ, एफ शार्प डिमिनिश्ड, जीच्या बेसवर सी, ए सेव्हन, डी मायनर सेव्हन, जीच्या बेसवर एफ, आणि मग सी. ही वाट मुलाला सर्व सुरांतून यायलाच हवी. डावा हात मूळ स्वर आणि सातवा धरतो, उजवा तिसरा, नववा आणि मधले. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना उजव्या हाताचं एकही बोट दोन पट्ट्यांपेक्षा जास्त हलू नये, असा नियम घालून सराव करावा. आवाजांची हार्मनी लिहिताना हीच सवय उपयोगी पडते, कारण गाणाऱ्यालाही उड्या नको असतात.

तिसरी देणगी तीन आवाजांची. गॉस्पेल क्वायर सहसा सोप्रानो (वरचा आवाज), अल्टो (मधला) आणि टेनर (खालचा) एवढ्यांतच गातो, बेसची ओळ ऑर्गन आणि बेस गिटार सांभाळतात. पॉपमधले मागचे आवाज बहुतेक याच पद्धतीने रचलेले असतात. इथे आपल्याकडचा फरक सांगितला पाहिजे. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची भजनं बहुधा सगळे एकाच स्वरात गातात, पेटी-तबल्यावर. सुरावटीचा कान त्याने उत्तम तयार होतो, पण हार्मनीचा होत नाही. कॅथलिक क्वायरमध्ये चार आवाजांत गायची सवय असेल तर मुलगा थोडा पुढे आहे. नसेल तर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या थिअरीच्या पाचव्या ग्रेडपर्यंतचा अभ्यास आणि रोज एक ओळ तीन आवाजांत लिहून स्वतः गाऊन रेकॉर्ड करणं, हाच मार्ग. ऐकून कळलंय असं वाटतं, गायला बसल्यावर अल्टोची ओळ हमखास सोप्रानोकडे घसरते.

आता चर्च काय देत नाही याकडे येतो. ‘से माय नेम’ इथे नीट समजून घ्यावं.

जर्किन्सने लंडनमध्ये टू-स्टेप गराज ही तिथली नाचाच्या संगीताची शैली ऐकली होती आणि त्या तुटक तालावर या गाण्याचा पहिला साज चढवला होता. गटाला तो आवडला नाही. एकाच वेळी फार गोष्टी चालू आहेत, अशी गटातल्या बियॉन्सेची तक्रार होती. गाणं अल्बममधून गळायच्या बेतात होतं. मग जर्किन्सने गायलेले आवाज ठेवून त्यांच्याखालचा साज नव्याने बांधला. आज आपण ऐकतो तो हा दुसरा साज. त्यात एका वेळी किती वाद्यं वाजतात ते मोजून बघा: ताल, बेस, गिटारसारखा एक तुकडा, तंतुवाद्यांचा एखादा फटका. अंतऱ्यातले शब्द भरभर, तुटक जातात, आणि ते कळतात कारण त्यांच्या आड काही येत नाही. २००१मध्ये या गाण्याला दोन ग्रॅमी मिळाली.

चर्चमध्ये वाढलेल्या वादकाचं नेमकं इथेच चुकतं. तिथे रिकामी जागा भरणं हे कौशल्य मानलं जातं, पॉपमध्ये ती जागा गायकाची असते. ऑर्गनची जाड कॉर्ड आणि गायिकेचा आवाज दोन्ही साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्येच गर्दी करतात. दोन्ही एकदम वाजले की मिक्सिंगवाला ऑर्गन खाली ओढतो आणि मुलगा म्हणतो, माझं वाजवणं ऐकूच येत नाही. उपाय मिक्सिंगमध्ये नाही, अरेंजमेंटमध्ये आहे: गायिका गात असताना उजव्या हाताचे दोनच स्वर, आणि ओळीच्या शेवटी जी दोन ठोक्यांची मोकळी जागा असते तिथेच उत्तर. वर लिहिलेली सात कॉर्डची वाट मुलाला यावी, पण गाण्यात तिचा वापर बहुधा एकदाच व्हावा, दुसऱ्या अंतऱ्यानंतरच्या वळणावर. ‘स्टे विथ मी’ एवढं चर्चसारखं वाटतं, पण त्यात मुख्यतः तीनच कॉर्ड आहेत: ए मायनर सेव्हन, एफ, सी. चर्चचा रंग येतो तो आवाजांच्या थरांतून.

जुन्या आवाजांखाली नवा साज बांधणं हा उत्तम अभ्यास आहे, त्यातलं तांत्रिक अंग सांगतो. मागच्या आवाजांची हार्मनी गायलेली असली की तुमच्या कॉर्डची निवड आकसते. आवाज ई, जी, सी गात असतील तर खाली सी चालतो, ए चालतो (ए मायनर सेव्हन होतो) आणि एफही चालतो (एफ मेजर नाइन, फक्त तिसरा नसलेला). डी ठेवलात तर रंग उघडा पडतो, बी ठेवलात तर भांडण. म्हणून आधी प्रत्येक ओळीतले गायलेले स्वर कागदावर लिहा, मगच बेस बदला. बेस बदलला की भाव बदलतो, गायिकेला पुन्हा बोलवावं लागत नाही. वेग मात्र पाच-सहा टक्क्यांहून जास्त हलवू नका, ताणलेल्या आवाजातले स आणि त चिरकायला लागतात.

आवाजांचे थर चढवण्याची पद्धत. खोलीत गाद्या, जाड पडदे, काहीही चालेल, पण भिंतीचा प्रतिध्वनी मारला पाहिजे. एका टेकमध्ये खोली फारशी ऐकू येत नाही, थरावर थर चढले की ती साठत जाते. मुख्य आवाजासाठी माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, पॉप फिल्टर लावून. मागच्या आवाजांसाठी ४० ते ५० सेंटिमीटर मागे सरकायचं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, सरासरी उणे १८च्या आसपास. आधी मुख्य ओळ पक्की करा, मग प्रत्येक हार्मनी चार वेळा: तीन ओळी गुणिले चार, म्हणजे बारा ट्रॅक. सोप्रानोच्या दोन डाव्या टोकाला, दोन उजव्या, अल्टो जरा आत, टेनर आणखी आत. शेवटच्या मुखड्याला वरच्या सप्तकातली एक जोडी घातली की चौदा. एकच टेक कॉपी करून दोन्ही बाजूंना ठेवायचा मोह होईल. त्याने रुंदी अजिबात येत नाही, आवाज मधोमधच राहतो. रुंदी दोन वेगवेगळ्या टेकमधल्या बारीक फरकातून येते.

यात बिघडतं ते सहसा व्यंजनांत. बारा आवाजांचा स बारा वेगवेगळ्या क्षणी आला तर साप सळसळल्यासारखं ऐकू येतं. म्हणून ओळीच्या शेवटचा स, त, क फक्त मुख्य आवाजाने म्हणायचा. बाकीच्यांनी स्वरावरच तोंड मिटायचं. कंप काढून सरळ स्वर लावायचा, श्वासाची जागा ठरवून घ्यायची. मागच्या आवाजांना १०० ते १५० हर्ट्झखाली कापलं तरी काही जात नाही, उलट बेसला मोकळीक मिळते. सुधारणा करताना सगळेच ट्रॅक मशीनने शंभर टक्के सुरात आणले की चौदा माणसं गायब होतात आणि सिंथेसायझर उरतो. दोन ट्रॅक जसेच्या तसे राहू द्यावेत.

चर्चमधला खरा क्वायर रेकॉर्ड करायची वेळ आली तर दोन माइक, डोक्यांपासून साधारण एक मीटर उंच आणि तेवढेच पुढे, आणि माइकमधलं अंतर गाणाऱ्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट, म्हणजे एकमेकांचे आवाज खात नाहीत. साउंड सिस्टिम बंद, ठेका (क्लिक) हेडफोनमधून प्रत्येकाच्या कानात. चर्चचा बँड उत्साहात वेग वाढवतो आणि तिथे ते शोभतंही. पण पॉपच्या ट्रॅकवर नंतर दहा माणसं आपापल्या घरून काम करणार असतात. क्लिकशिवाय रेकॉर्ड केलेलं कोणालाच वापरता येत नाही.

लेखनाबद्दल. जर्किन्सचं काम एकट्याचं नाही. डार्कचाइल्ड ही त्याची खूण गाण्याच्या सुरुवातीला कुजबुजलेली ऐकू येते, पण त्या खुणेमागे एक कायमचा कंपू होता: भाऊ फ्रेड, आणि लशॉन डॅनियल्स, जो २०१९मध्ये अपघातात गेला. एकाच्या हातात ट्रॅक, दुसऱ्यांच्या तोंडी सुरावट आणि शब्द. चर्चमधल्या मुलाने असा एक लिहिणारा मित्र आत्ताच शोधावा. आणि गाणं एका गायिकेसाठी रचलं म्हणजे तिचंच होतं असं नाही. ‘टेलिफोन’ गागाने आधी ब्रिटनी स्पिअर्ससाठी लिहिलं होतं, तिच्याकडून नकार आला, मग ते गागा आणि बियॉन्सेचं झालं. म्हणून नाकारलेल्या गाण्याची सगळी फाइल जपून ठेवावी: प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून सुरू होणारा, नावात वेग आणि सूर लिहिलेला, शिवाय चार मिक्स वेगळे: पूर्ण, नुसतं संगीत, नुसते आवाज, आणि मुख्य आवाज वगळून बाकी सगळं. दोन वर्षांनी कोणी मागितलं आणि प्रोजेक्टमधला प्लगइन उघडलाच नाही, हे या धंद्यात नेहमी घडतं.

आता पोटाचा प्रश्न. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे सूर आणि शब्द. दुसरी ध्वनिमुद्रण. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की रचनेच्या मालकांना पैसे मिळतात, ध्वनिमुद्रणाला एक सेंटही नाही. म्हणजे नुसता प्रोड्यूसर असलेल्याला रेडिओवरून काहीच नाही. प्रोड्यूसर लेखक म्हणूनही नाव लावण्याचा आग्रह का धरतात, याचं हे एक मोठं कारण आहे.

आकडा घेऊन बघा. १९९९मध्ये पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला अमेरिकेत प्रतिमागे ७.१ सेंट हा कायद्याचा दर होता. दहा लाख प्रती म्हणजे ७१,००० डॉलर. करारात पाऊणपट दराचं कलम असे, म्हणजे ५३,२५०. ‘से माय नेम’वर लेखक म्हणून सात नावं आहेत: गटातल्या चौघी, जर्किन्स बंधू आणि डॅनियल्स. प्रत्यक्ष वाटे कमीजास्त असतात, पण समान धरले तर एकाला साधारण ७,६०० डॉलर, त्यातूनही प्रकाशकाचा हिस्सा जातो. दहा लाख प्रतींवर एवढे. म्हणून एक हिट पुरत नाही, आणि वाट्याचा प्रत्येक टक्का महत्त्वाचा. पुढे हा दर वाढत २०२४मध्ये १२.४ सेंटवर आला, पण प्रती विकत घेणारे उरले नाहीत, स्ट्रीमिंगचा हिशेब वेगळा चालतो.

प्रोड्यूसरला ध्वनिमुद्रणातून मिळतात ते पॉइंट, सर्वसाधारणपणे तीन ते पाच टक्के. आगाऊ रक्कम त्यातूनच वळती होते. करारात एक ओळ नीट वाचायची: रेकॉर्डिंगचा खर्च वसूल झाल्यावर पॉइंट पहिल्या प्रतीपासून मोजणार की तिथून पुढे. या एका ओळीत कधी कधी अर्धी कमाई असते. डिजिटल रेडिओचे पैसे साउंडएक्स्चेंज वाटतं: ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ साथीदारांना. प्रोड्यूसरचा भाग कलाकाराच्या ४५मधून येतो, आणि तो कलाकाराने लेखी सूचना दिली तरच. तोंडी आश्वासनावर एक पैसा सुटत नाही.

गाणं बाजारात गेल्यावरही वाटे हलू शकतात. ‘स्टे विथ मी’च्या मुखड्याची सुरावट टॉम पेटीच्या १९८९च्या गाण्याशी जुळते असं दिसल्यावर पेटी आणि त्याचा सहलेखक जेफ लिन यांना प्रत्येकी साडेबारा टक्के लेखनाचा वाटा दिला गेला. कोर्टकचेरी झाली नाही, पण चतुर्थांश गाणं गेलं. साध्या, उतरत्या, चर्चसारख्या सुरावटींत हा धोका जास्त, कारण अशा सुरावटी थोड्याच आहेत. प्रदर्शनाआधी नुसता मुखडा, शब्दांशिवाय, वेगवेगळ्या वयाच्या पाच-सहा जणांना गुणगुणून दाखवावा आणि काय आठवतं ते विचारावं.

कागदाचं मोल आपल्या मातीतही दिसतं. गोव्यातल्या पॅरिश शाळांनी मुलांना सोल्फेज (स्वरलिपी गाऊन वाचणं) आणि व्हायोलिन शिकवलं, ती माणसं मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाची हार्मनी त्यांनी उभी केली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली थोर नावं, प्यारेलाल यांनी व्हायोलिन गोन्साल्विस यांच्याकडे शिकलं. पण रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं, अरेंजरला कामाचं मानधन. चर्चमधून आलेलं तेच ज्ञान, तेवढीच मेहनत, फक्त वाट्याचा कागद नव्हता. मला ही गोष्ट मनापासून खुपते.

आज परिस्थिती बरी आहे. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. लेखकांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस. मुलाचं पहिलं गाणं प्रदर्शित झालं की तिथे सभासदत्व घ्यायचं आणि प्रत्येक गाणं नोंदवायचं. नोंदच नसेल तर जमलेले पैसे त्याच्यापर्यंत पोहोचणार नाहीत. मात्र नुसती अरेंजमेंट केली आणि सुरावटीत वाटा नसेल तर आयपीआरएसमधून काही येणार नाही, तिथे आधी ठरवलेली फी आणि नावाचा उल्लेख एवढंच हातात असतं.

पुढच्या वर्षभरात त्याने क्वायर सोडू नये, दर रविवारी वाजवावं. आठवड्यातून एक मुखडा पूर्ण करावा, आठ बारचाच, तीन आवाजांसह. महिन्यातून एकदा तयार ट्रॅकमधलं एकेक वाद्य बंद करून ऐकावं आणि ज्याच्या जाण्याने गाण्याचं काही बिघडत नाही ते काढून टाकावं. यंत्रसामग्रीत दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, बंद हेडफोन आणि ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो, महाग स्पीकर आत्ता नकोत. आणि मित्राबरोबर गाणं झालं की खोलीतून बाहेर पडायच्या आत एका कागदावर गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि टक्के लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. बेरीज बरोबर शंभर आली पाहिजे.